निविदा, बयाणा आणि आपण

नोकरीतल्या राखीव जागांवर आपण जेवढे बोललो, जेवढे लिहिले, जेवढे मोर्चे काढले, त्याच्या शतांशानेही सरकारी ठेक्यांवर बोललो नाही. याचे एक कारण उघड आहे. ठेकेदार हा शब्दच आपल्या कानाला शिवीसारखा लागतो. ज्यांच्या बापजाद्यांनी ठेकेदाराच्या हाताखाली रोजावर खडी फोडली आणि गटारे उपसली, त्यांच्या पोरांनी उद्या ठेकेदार व्हावे ही कल्पना पचनी पडत नाही. पालघरच्या मुलखात तर या शब्दाला रक्ताचा इतिहास आहे. १९४५ साली इथे वारल्यांचा उठाव झाला तो जमीनदार-सावकारांइतकाच जंगल ठेकेदारांच्या विरोधात होता. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये त्याची हकीकत लिहून ठेवली आहे. त्यानंतर १९४७ पासून तत्कालीन मुंबई राज्याने जंगल कामगार सहकारी संस्था काढल्या. कूप ठेकेदाराला लिलावाने न देता झाडे तोडणाऱ्यांच्याच संस्थेला द्यायचे, हा त्यामागचा विचार. संस्था आदिवासींच्या नावाने निघाल्या. मात्र हिशेबाची वही पुष्कळ ठिकाणी बाहेरच्या कारभाऱ्यांच्याच हाती राहिली. ही वही कुणाच्या हाती असते, हाच या लेखाचा विषय आहे.

ठेक्यांचा प्रश्न बाबासाहेबांच्या नजरेतून सुटला नव्हता. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले आणि २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन व्हाइसरॉयला सादर केले. नोकऱ्या, शिष्यवृत्त्या, विधिमंडळातील जागा या मागण्या आपल्याला पाठ आहेत. पण त्याच निवेदनात मध्यवर्ती सार्वजनिक बांधकाम खात्याच्या ठेक्यांत अस्पृश्यांना वाटा मिळाला पाहिजे, अशीही मागणी आहे. सरकार नोकरी देते तसेच ते खरेदीही करते, आणि ज्याच्याकडून ते खरेदी करते त्याच्या घरात संपत्ती साठते, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली होती. महाराष्ट्राला ती अपरिचित होती असेही नाही. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या हॉटेलात शाहू महाराज जाऊन चहा पीत. अस्पृश्याचा माल राजाने विकत घेतला की बाजाराला तो नाकारणे अवघड होते, हे महाराजांना नेमके कळले होते. गिऱ्हाईक होणे हेसुद्धा सत्तेचे एक काम आहे.

आता पालघर-बोईसरकडे येऊ. इथे सार्वजनिक पैशाचे गिऱ्हाईक एक नाही. एका रेल्वे स्थानकावरून दुसऱ्यावर गेले की गिऱ्हाईक बदलते आणि गिऱ्हाईक बदलले की नियम बदलतात. पालघर शहराचा कारभार नगर परिषदेचा. ती चालते १९६५ च्या महाराष्ट्र नगर परिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमावर. बोईसर माणसांच्या संख्येने केव्हाच शहर झाले, परंतु ते वाढले ग्रामपंचायतीच्या कारभारात. तिच्या वर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याची जिल्हा परिषद. तारापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीतले रस्ते, पाणी, नाले एमआयडीसीचे, म्हणजे राज्याच्या महामंडळाचे. आणि समुद्रकाठी १९६९ पासून वीज देणारे अणुऊर्जा केंद्र. ते चालवणारे न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन हा केंद्र सरकारचा उपक्रम. दक्षिणेला वसई-विरार महापालिका, २००९ सालची. आपला तरुण सकाळी यांपैकी एखाद्या कार्यालयात जातो, ‘मागासवर्गीयांना ठेक्यात काही आहे का’ असे विचारतो, आणि बाबू मान हलवतो. बाबूचे उत्तर कधी खरे असते, कधी खोटे. कुठे खरे आणि कुठे खोटे हे आपल्याला ठाऊक नसते, आणि आपला वाटा तिथेच निसटतो.

केंद्र सरकारने २०१२ साली सूक्ष्म व लघु उपक्रमांसाठी सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश काढला. केंद्राची खाती आणि केंद्राचे उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीचा ठरावीक हिस्सा लहान उद्योगांकडून घ्यावा, असे त्यात आहे. आधी तो वीस टक्के होता, २०१८ च्या दुरुस्तीने पंचवीस झाला. त्यातले चार टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून आणि तीन टक्के स्त्रियांच्या उद्योगांकडून. मालकी म्हणजे काय तेही सांगितले आहे: एकट्याचा धंदा असेल तर मालक त्या समाजाचा हवा, भागीदारी वा कंपनी असेल तर किमान एक्कावन्न टक्के हिस्सा त्यांचा हवा. अशा उद्योगाला निविदेचा अर्ज फुकट मिळतो, बयाणा रक्कम माफ असते. त्याचा दर सर्वांत कमी दरापेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी तो कमी दर मान्य करून मालाचा काही भाग पुरवण्याची संधी त्याला द्यावी लागते. हे सारे अणुकेंद्राच्या कुंपणाआड लागू आहे, रेल्वेला लागू आहे. नगर परिषदेला मात्र हा आदेश बांधत नाही.

या धोरणाला दोन खाचा आहेत. पहिली अशी की ते माल आणि सेवा यांच्यासाठी आहे. बांधकामाच्या ठेक्यांना ते लागत नाही. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यालाही लागत नाही. म्हणजे हातमोजे शिवणारा त्यात बसतो, भिवंडीहून हातमोजे आणून देणारा बसत नाही. दुसरी खाच अधिक बोचरी आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांनी निविदाच भरली नाही, किंवा त्या अटींत ते उतरले नाहीत, तर चार टक्के इतर लहान उद्योगांकडून भरून काढावेत, असे त्याच आदेशात लिहिले आहे. नोकरीतली राखीव जागा रिकामी राहिली की निदान अनुशेष तरी मोजला जातो, त्यावर आरडाओरड करता येते. इथे अनुशेष नाही. आपण गैरहजर राहिलो की आपला वाटा कायदेशीरपणे दुसऱ्याच्या ताटात जातो आणि कुणी विचारलेच तर कागद सांगतो की संबंधितांनी स्वारस्य दाखवले नाही.

मग नगर परिषदेत आणि जिल्हा परिषदेत काय? राज्याच्या उद्योग खात्याने १ डिसेंबर २०१६ रोजी खरेदीची नियमपुस्तिका काढली. लहान उद्योगांच्या सवलतींची कलमे तिच्यात आहेत. खरेदीची निविदा हाती आली की त्या सवलती तिच्यात उतरल्या आहेत का ते ताडून पाहावे आणि नसतील तर निविदापूर्व बैठकीत लेखी विचारावे. तोंडी विचारलेल्या प्रश्नाला सरकारी दप्तरात जन्मच नसतो. बांधकाम खाते आणि जिल्हा परिषद यांच्या लहान कामांत ३३:३३:३४ असे वाटप चालत आले आहे. तेहतीस टक्के मजूर सहकारी संस्थांना, तेहतीस टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, उरलेली खुल्या ठेकेदारांना. इथे जात हा निकष नाही, पण आपल्या वस्तीतला पदविकाधारक मुलगा बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करू शकतो आणि खऱ्या मजुरांना संस्था काढता येते. मजूर संस्थेत खरा मजूर किती, हा प्रश्न जुना आहे. तो जंगल कामगार संस्थांइतकाच जुना आहे म्हणा ना.

कर्नाटकाने याहून पुढे पाऊल टाकले. तिथल्या सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायद्यात दुरुस्ती करून पन्नास लाखांपर्यंतच्या बांधकामांत अनुसूचित जातींसाठी १७.१५ टक्के आणि जमातींसाठी ६.९५ टक्के ठेके राखले गेले. २०२३ साली ही मर्यादा एक कोटीवर नेली. त्याआधी २००२ साली भोपाळच्या दलित परिषदेनंतर मध्य प्रदेश सरकारने आपल्या खरेदीत दलित-आदिवासी पुरवठादारांना हिस्सा देण्याचा प्रयोग केला होता. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव रोज सकाळ-संध्याकाळ घेणाऱ्या महाराष्ट्राने कर्नाटकासारखा कायदा केलेला नाही. दलित वस्तीच्या सुधारणेचा निधी येतो, वस्तीत फरशा बसतात, गटारावर झाकणे पडतात, समाजमंदिर उभे राहते. ते बांधणाराही त्या वस्तीतला असावा, असे कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आहे त्या वाटेने कसे जायचे ते पाहिले पाहिजे, आणि इथे भाषणाचा सूर सोडून थोडे दुकानदारासारखे बोलावे लागेल.

प्रथम कागद. उद्यम नोंदणी फुकट होते. ती करून देण्याचे पैसे मागणारा माणूस समोर बसला असेल तर उठून यावे. पॅन, जीएसटी, बँकेचे खाते, जातीचा दाखला, कामगार लागणार असतील तर भविष्य निर्वाह निधी आणि राज्य कामगार विम्याचे क्रमांक. बांधकाम करायचे असेल तर सार्वजनिक बांधकाम खात्याकडे ठेकेदार म्हणून वर्गवारीची नोंदणी. त्यानंतर डिजिटल स्वाक्षरी, कारण नगर परिषदेची मोठी निविदा आता महाटेंडर्स या राज्याच्या संकेतस्थळावर निघते आणि केंद्राचा माल २०१६ साली सुरू झालेल्या जेम या बाजारात घेतला जातो. ही डिजिटल स्वाक्षरी म्हणजे आपला अंगठा आहे. ती सायबर कॅफेवाल्याकडे किंवा एखाद्या ‘साहेबां’कडे ठेवायला दिली तर आपल्या आज्याचा अंगठा सावकाराच्या कोऱ्या कागदावर जसा उमटत होता तसाच आपलाही उमटेल.

निविदेला दोन लिफाफे असतात. तांत्रिक लिफाफा आधी उघडतो, त्यात पात्रता पाहतात. तो पास झाला तरच दराचा लिफाफा उघडतो. आपली माणसे बहुधा पहिल्याच लिफाफ्यात मरतात. दर चांगला असतो, पण प्रतिज्ञापत्र जुन्या नमुन्यात असते किंवा एका पानावर सही राहिलेली असते. निविदेचे शुद्धिपत्रक नंतर निघालेले असते आणि ते कुणी पाहिलेलेच नसते. काही वेळा मात्र चूक आपली नसते. तीन वर्षांची अमुक कोटींची उलाढाल, अशाच कामाचा याच जिल्ह्यातला अनुभव, अमुक अंतराच्या आत स्वतःचे यंत्र, अशा अटी एखाद्याच्या अंगाचे माप घेऊन शिवलेल्या असतात. जो कधीच आत गेला नाही त्याच्याकडे आत गेल्याचा पुरावा मागणे ही या देशाची जुनी रीत आहे. देवळाच्या दारात ती होती, पाणवठ्यावर होती, आता ती अटी-शर्तींच्या सातव्या कलमात आहे. केंद्राच्या निविदांत लहान उद्योगांना अनुभव आणि उलाढाल यांच्या अटींत सूट देता येते. ती दिली आहे का हे वाचावे. नगर परिषदेत अट जाचक वाटली तर मुदत संपण्याआधी मुख्याधिकाऱ्यांना लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. ठेका दिल्यावर माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली तुलनात्मक तक्ता मागावा. कोण किती दराने आला, कुणाला कशावरून बाद केले, हे त्यात दिसते. पहिल्या दोन-तीन निविदा हरूनही हे तक्ते जमवले तर त्यांतून जे शिक्षण मिळते ते कुठल्या उद्योजकता शिबिरात मिळत नाही.

आता दर. सफाईसाठी, बागेसाठी, पहाऱ्यासाठी माणसे पुरवण्याचा ठेका घेऊ, कारण आपल्या वाट्याला तोच आधी येतो. समजा महिन्याची मजुरी १५,००० रुपये धरली. त्यावर भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा भाग सर्व खर्चासह १३ टक्के, म्हणजे १,९५०. राज्य कामगार विमा ३.२५ टक्के, ४८७ रुपये ५० पैसे. बोनस ८.३३ टक्के, १,२४९ रुपये ५० पैसे. एका माणसाचा खरा खर्च झाला १८,६८७ रुपये. यात रजा, गणवेश, हातमोजे, झाडू काही नाही, आणि ठेकेदाराचा नफाही नाही. आता एखादा स्पर्धक याच्या दहा टक्के खाली दर भरतो. त्याच्या हाती येतात १६,८१८. त्यातून मजुरी दिली तर उरतात १,८१८, आणि निधीचेच १,९५० होतात. म्हणजे त्याने निविदा भरली त्याच क्षणी मजुराचा निधी, विमा आणि बोनस बुडवायचे ठरवलेले असते, किंवा वीस माणसे दाखवून चौदा कामावर ठेवायचे. सर्वांत कमी दराला ठेका, या नियमाचा असा हिशेब आहे. आणि ज्याच्या खिशातून हे जाते तो बहुतेक वेळा मेहतर, वाल्मीकी, बौद्ध, मातंग, कातकरी असतो. आपला ठेकेदार या शर्यतीत उतरला तर त्याला आपल्याच माणसाच्या खिशात हात घालावा लागतो. तो घालायचा नसेल तर खर्चाचा असा तक्ता दरासोबत जोडावा आणि याखाली येणारा दर कायदा मोडल्याशिवाय परवडत नाही, हे निविदा समितीला लेखी कळवावे. ठेका मिळेलच असे नाही. परंतु असा कागद दप्तरात असला की पुढे मजुरांनी तक्रार केली तर मूळ मालक म्हणून नगर परिषदेला ‘आम्हाला माहीत नव्हते’ म्हणता येत नाही.

इथे एक प्रामाणिक अडचण आहे, ती टाळून चालणार नाही. सफाईचे काम नगर परिषदेच्या कायम नोकरीत होते तेव्हा लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे बापाच्या जागी पोराला ती नोकरी मिळे. जातीचे काम पिढीजात करण्याचा तो सापळा होता, हे खरेच; पण त्यात पगार होता, निवृत्तिवेतन होते, कुणाला चाळीत खोली होती. ठेका आला आणि काम तेवढे आपल्याकडे राहिले, नोकरी गेली. मुंबई महापालिकेत तर कचरा उचलणाऱ्यांना कामगार म्हणायलाच नकार दिला गेला. ते ‘स्वयंसेवक’, त्यांना मिळे ते ‘मानधन’, आणि कायद्याच्या वीस कामगारांच्या मर्यादेखाली राहण्यासाठी एकेका संस्थेकडे अठरा-अठरा माणसे दाखवलेली. कचरा वाहतूक श्रमिक संघाने ही लढाई वर्षानुवर्षे लढवली आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला. अशा वेळी आपण ठेकेदार होण्याचे धडे गिरवायचे की ठेका मोडण्याचे? माझे मत असे आहे की बारमाही सफाईच्या कामात ठेकेदार कोणत्याही जातीचा असो, तो असूच नये. तिथे आपली मागणी कायम नोकरीची राहिली पाहिजे. पण रस्ता, शाळेची इमारत, दिव्यांचे खांब, गणवेश, छपाई, संगणकाची दुरुस्ती, पाण्याच्या टाक्या, कार्यालयाचे भोजन, यांत ठेका राहणारच आहे आणि तिथे आपण नसणे ही कसली क्रांती? आपल्याला झाडूच्याच ठेक्याकडे ढकलले जाते, यातच व्यवस्थेचा कावा आहे. आणि मैल्याच्या टाकीत माणूस उतरवण्याचा ठेका तर कुणीच घेऊ नये. २०१३ च्या कायद्याने असा करार मुळातच रद्दबातल आहे, तो तुरुंगात नेणारा गुन्हा आहे, आणि अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने तीस लाखांवर नेली आहे.

दुसरी लाजिरवाणी गोष्ट नावाची. जिथे जिथे सवलत आली तिथे तिथे दाखला भाड्याने देणारा सापडला. नाव आपल्या पोराचे, भांडवल दुसऱ्याचे, सही आपली, धनादेश दुसऱ्याच्या कपाटात. महिन्याला काही हजार घरबसल्या मिळतात म्हणून तो खूश असतो. काम निकृष्ट निघाले की काळ्या यादीत नाव त्याचे जाते, निधी थकला की नोटीस त्याच्या दारावर लागते, आणि खरा ठेकेदार तोवर दुसऱ्या गावात दुसरा दाखला शोधत असतो. दाखला समाजाने झगडून मिळवलेला असतो. तो भाड्याने देणारा फक्त स्वतःचे नुकसान करत नाही.

तरीही तो का देतो? कारण भांडवल नाही. वरच्याच हिशेबाने वीस माणसांचा महिन्याचा खर्च ३,७३,७४० रुपये. नगर परिषदेने तीन महिने देयक काढले नाही तर ठेकेदाराने स्वतःचे ११,२१,२२० रुपये घालून बसायचे, वर सुरक्षा ठेव अडकलेली ती वेगळी. ज्याच्या घरात तीन पिढ्यांत तेवढी रक्कम एकत्र कुणी पाहिलेली नाही तो काय करील? जातीचे खरे अंतर दरात नसते, ते थकलेल्या देयकाच्या त्या तीन महिन्यांत असते. ज्याचा मामा पेढीवर बसतो तो थांबू शकतो. आपला माणूस तिसऱ्या आठवड्यात व्याजाने पैसे काढतो.

यावर एक हत्यार आहे आणि ते फार थोडे जण वापरतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म वा लघु उद्योगाचा माल किंवा सेवा घेणाऱ्याने, करारात काहीही लिहिलेले असो, पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट, आणि तेही चक्रवाढ, व्याज लागते. यात खरेदीदार खाजगी कारखानदार असो की नगर परिषद, फरक नाही. म्हणजे तारापूरच्या ज्या कारखान्यांत कुठलीच राखीव टक्केवारी नाही तिथेही हे कलम चालते. दाद सुकरता परिषदेकडे मागायची. अर्ज संकेतस्थळावरून करता येतो. निकाल खरेदीदाराविरुद्ध गेला आणि त्याला तो न्यायालयात उलटवून घ्यायचा असेल तर आधी पंचाहत्तर टक्के रक्कम भरावी लागते. निव्वळ बांधकामाच्या ठेक्यांना हे कलम लागते की नाही यावर न्यायालयांत वाद झाले आहेत, म्हणून बांधकामवाल्याने केवळ यावर विसंबू नये. आणि उद्यम नोंदणी ठेका घेण्यापूर्वीची हवी. भांडण झाल्यावर केलेली नोंदणी मागच्या देयकाला उपयोगी पडत नाही.

बांधकामात देयकाचा जीव मोजमाप पुस्तकात असतो. कनिष्ठ अभियंत्याने मोजमाप नोंदवले नाही तर काम डोळ्यांसमोर उभे असूनही कागदावर ते झालेलेच नसते. पाया मातीखाली जाण्याआधी, सळई काँक्रीटमध्ये बुजण्याआधी मोजमाप लिहवून घ्यावे आणि तारखेसह छायाचित्र काढून ठेवावे. कार्यारंभ आदेश हाती पडल्याशिवाय एक पाटीही उचलू नये. ‘सुरू करा हो, आदेश मागून देतो’ हे वाक्य ज्याच्या खिशात आधीच पैसा आहे त्याने ऐकावे. जादा काम सांगितले तर तेही लेखी घ्यावे.

काम संपल्यावर ठेव परत मिळायला दोषदायित्वाचा काळ उलटावा लागतो आणि बरेच जण तोवर कार्यालयाकडे फिरकत नाहीत. तसे करू नये. अंतिम देयकाच्या दिवशीच काम पूर्ण केल्याचा दाखला मागावा: कामाचे नाव, रक्कम, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, काम समाधानकारक असल्याचा शेरा, आणि सही-शिक्का. रक्कम दोन लाखांची असली तरी चालेल. पुढच्या निविदेतल्या त्या सातव्या कलमात हाच कागद लावायचा असतो.